उताराला लावलेली गाडी

आमच्या गावात गाडी सपाटीला लावणारा माणूस एक तर पाहुणा असतो, नाही तर नवखा. पाटण सोडून कोयनानगरच्या रस्त्याला लागलं की डोंगराच्या कुशीत आमचं गाव आहे. ट्रक, जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, डिझेलवर चालणारं जे काही असेल ते संध्याकाळी तोंड खाली करून उताराला लावायचं, चाकाखाली दगड सरकवायचा आणि मगच हातपाय धुवायला घरात शिरायचं, हा इथला रिवाज. सकाळी दगड काढायचा, ब्रेक सोडायचा, गाडी थोडी घरंगळली की गिअर टाकून क्लच सोडायचा. गाडी आचके देते, काळा धूर सोडते आणि चालू होते. कोणाची बॅटरी उतरली आहे, कोणाचा सेल्फ स्टार्टर वर्षभर आजारी आहे, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा दारातला उतार ही घराची खोड आहे असं मला वाटलं होतं. नंतर कळलं की त्या उतारासाठीच सासऱ्यांनी वाटणीत ही जागा मागून घेतली होती. सपाट तुकडा भावाला दिला आणि सगळं गाव म्हणालं, माणूस हुशार.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा सैन्यात ड्रायव्हर होते. बर्फातल्या रस्त्यांवर त्यांनी उमेदीची वर्षं काढली आणि परत आल्यावर जुना ट्रक घेतला. ऊस, वाळू, वीट, गूळ, जे मिळेल ते वाहिलं. नवराही सैन्यात, उत्तरेला. मुलगी सांगलीला विश्रामबागेत खोली घेऊन शिकते. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणजे घरात माणसं दोन, मामा आणि मी, आणि अंगणात तो ट्रक. आमच्याकडे जेवताना बोलायला दुसरा विषय नसतो, त्यामुळे ट्रक चालवायला शिकणं मला भागच होतं. मामांनीच बांधावर उभं राहून शिकवलं. पहिल्या दिवशी मी गिअर खरडवला तेव्हा त्यांनी नुसता कान चोळला. हातात हेवी लायसन्स आलं तेव्हा त्यांनी तालुक्याच्या गावाहून पेढे आणले. पण स्टिअरिंग मिळायचं ते उसाच्या फडातून बांधापर्यंत. डांबरी आली की मामा हात करून थांबवायचे, मी उतरायचे, ते चढायचे. लायसन्स पाकिटात आणि मी क्लीनरच्या बाजूला, असा आमचा संसार चालला होता. याचा मला राग यायचा, आणि तो मी लपवतही नव्हते.

थंडीत गाडी चालू करणं हा मामांच्या अभिमानाचा विषय. थंडीचं ज्ञान म्हणजे आपलंच, असं त्यांना वाटतं आणि त्यांच्या वयाच्या माणसाला ते शोभतंही. डिसेंबर लागला की रेडिएटरवर वाकळ पडायची. पहाटे इंजिनच्या डिझेल पंपावर कढत पाणी ओतलं जायचं. गाडीने फारच हट्ट धरला तर डिझेलमध्ये भिजवलेला बोळा पेटवून हवेच्या नळीपाशी धरायचे, आणि मी पाण्याची बादली घेऊन लांब उभी राहायचे. एवढं सगळं झाल्यावर गाडी उतारावरून सोडायची. चालू झाली की श्रेय बोळ्याला.

मागच्या हिवाळ्यात आम्ही गूळ घेऊन सांगलीला गेलो. ट्रक मार्केट यार्डात लावला, मामा केबिनमध्ये झोपले, मी मुलीच्या खोलीवर. सकाळी येऊन बघते तर मामा सेल्फ मारतायत आणि इंजिन नुसतं कण्हतंय. यार्ड सगळं तळहातासारखं सपाट, घरंगळायला वाव नाही. मामांनी कढत पाणी मागवलं, वाकळ टाकली, बोळा पेटवायला निघाले तेव्हा गुळाच्या ढिगांवरचे हमाल ओरडायला लागले. शेवटी त्याच हमालांनी धक्का मारून ट्रक चालू करून दिला. हसले थोडे, पण मनाने चांगले होते. कराडला चहाला थांबलो तेव्हा मामा म्हणाले की गाडी विकायची.

कारणं त्यांनी सरळ सांगितली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, आणि समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड आता फुटून दिसत होता. परक्या ड्रायव्हरच्या हातात गाडी द्यायची नाही, हे तर त्यांनी पूर्वीच ठरवलेलं. मी म्हटलं, मग मी आहे की. माझं लायसन्स काय देव्हाऱ्यात पूजायला काढलंय?

मामा बशीतला चहा संपवून म्हणाले, "पोरी, चालीवतंय कुणीबी. थंडीत सकाळी चालू करतो त्यो ड्रायव्हर. ही गाडी आता थंडीत मला दाद देईना, तुला काय देनार?"

सांगलीकडचे एक बेदाण्याचे व्यापारी मामांच्या ओळखीचे होते. जैन शेतकरी माणूस, शब्दाला पक्का. घरी पोचायच्या आत मामांनी त्यांना फोनही केला. पुढच्या आठवड्यात गाडी बघायला येतो, असं ठरलं. ट्रक गेला की माझं ड्रायव्हिंग गेलं, हे मला तेव्हा चहाच्या टपरीवरच कळलं होतं. नवा ट्रक घेण्याची ऐपतही नव्हती आणि सुनेसाठी ट्रक घ्यावा असं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

पण परतीच्या वाटेवर दुसरीच गोष्ट डोक्यात घोळायला लागली. सांगलीत सकाळी मी शाल न पांघरता यार्डात आले होते. थंडी म्हणावी अशी थंडी तिथे नव्हतीच. आमच्याकडे कोयनेच्या काठाला पहाटे बोटं वळत नाहीत, गवतावर दव गोठल्यासारखं पांढरं दिसतं. मग थंडीच गाडीच्या मुळावर उठली असेल, तर ती घरी चालू होते आणि सांगलीत रुसते, हे कसं? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसा हा थंडीवर घेतलेला आळ होता. मी नवऱ्याला फोनवर हे बोलले. त्याने मला नेहमीच्या समजुतीच्या सुरात सांगितलं की घरी आपण गाडी उतारावरून सोडतो, म्हणून ती चालू होते, एवढं साधं आहे. बापलेक एकाच शाळेचे. मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मामा देवपूजेला बसले असताना मी केबिनमध्ये चढले. दगड चाकाखाली तसाच, ब्रेक ओढलेला. गाडी घरंगळू दिली नाही, नुसता सेल्फ मारला. अर्ध्या फेऱ्यात इंजिन चालू झालं. वाकळ नाही, पाणी नाही, बोळा नाही, आणि थंडी अशी की स्टिअरिंगला हात चिकटत होता. मामा घंटी हातात घेऊनच बाहेर आले. मी म्हटलं, मामा, ही घरंगळून चालू होत नाही, उताराला उभी असते म्हणून चालू होते. ते म्हणाले, त्यात काय फरक आहे, आणि पूजेला परत गेले. फरक होता, पण तो मलाही अजून नीट सांगता येत नव्हता.

मग मामांचा कराडला डोळा दाखवायला जायचा दिवस आला. ते रात्री तिथेच पाहुण्यांकडे राहणार होते. संध्याकाळी मी ट्रक चुलत सासऱ्यांच्या सपाट खळ्यात नेऊन लावला. गावातल्या दोघा-तिघांनी थांबून विचारलं की काय झालं, उतार दिसत नाही का. मी म्हटलं, दिसतोय, म्हणूनच इथे लावली. सकाळी उठून सेल्फ मारला. गाडी चालू झाली नाही. मला इतका आनंद झाला की मी केबिनमध्ये एकटीच हसले. गाडी बंद पडल्यावर हसणारी बाई गावाने त्या दिवशी प्रथमच पाहिली असेल.

खाली उतरून डिझेलचा हातपंप दाबला. हा इंजिनच्या कुशीला असतो, टाकीतलं डिझेल हाताने वर ओढायला. गाडी ठीक असेल तर तो अंगठ्याला घट्ट लागतो. तो पोकळ लागला. दाबत राहिले, तसा हळूहळू घट्ट होत गेला, आणि मग सेल्फ मारला तर गाडी लगेच चालू झाली. म्हणजे रात्रीतून डिझेल इंजिनकडून टाकीत परत जात होतं आणि त्याच्या जागी हवा भरत होती. तोंड खाली करून उभी केली की टाकी वर, इंजिन खाली, डिझेल जाणार कुठे? आमच्या उताराने गाडी ढकलली नव्हती, डिझेल धरून ठेवलं होतं. सगळं गाव वर्षानुवर्षं उताराला लावत आलं, म्हणून आमच्या ट्रकला दुखणं आहे हेच कोणाला समजलं नाही.

पाटणच्या मिस्त्रीला फोन केला तर तो म्हणाला की नवी बॅटरी घ्या, नोझल काढून आणा, पंप कराडला पाठवा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मामा परत आल्यावर त्यांना सांगितलं, तर त्यांनी एकच विचारलं. नळीला कुठे भोक असेल तर डिझेल गळायला हवं, खाली एक थेंब नाही, मग हवा शिरते कुठून? प्रश्न बिनतोड होता. मी दोन दिवस त्याच्यावर भाकऱ्या थापल्या. उत्तर मला बाजारात शहाळं पिताना मिळालं. शहाळ्यात खुपसलेल्या नळीला वरच्या बाजूला चीर होती. पाणी एक थेंब सांडलं नाही, पण ओढलं की तोंडात नुसती हवा. टाकीकडची नळीही अशीच ओढणारी. तिच्या भोकातून बाहेर काही येत नाही, आतच जातं.

आता हवा दिसायला हवी होती, म्हणजे नळीतून आरपार बघायला मिळायला हवं होतं. आमच्या शेजारी घराचं काम चाललं होतं. गवंड्याकडे पाणसळीचा पारदर्शक पाइप असतो, ज्यात पाणी भरून दोन भिंतींची पातळी जुळवतात. त्यातला हातभर तुकडा मी मागून घेतला आणि इंजिनजवळ डिझेलच्या नळीत मधे बसवला. मामा पायरीवर बसून बघत होते. मला पाना कोणता हवा ते मी मागायच्या आत त्यांच्या हातातून मिळत होता, पण मत विचारलं तर थंडी एवढंच म्हणायचे.

दुपारी गाडी चालू केली. पाइपमधून डिझेल नितळ गेलं, बुडबुडा नाही. मामांनी माझ्याकडे पाहिलं. रात्री सपाटीला लावून पहाटे पुन्हा बघितलं, तर पाइपमधून बुडबुड्यांची रांगच्या रांग. मामा खाली वाकले, चांगला डोळा पाइपला लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. मग म्हणाले, थंडी हायच की ह्यात. आणि तेही खरं होतं. कुकरची रिंग हिवाळ्यात आखडते आणि शिटी धरत नाही, ती कढत पाण्यात टाकली की ताळ्यावर येते. तसंच कुठलं तरी जुनं रबर पहाटे आखडत होतं आणि ऊन चढलं की सैल होऊन भोक बुजवत होतं. म्हणजे मामांची थंडी आणि माझी सपाटी, दोघीही गुन्ह्यात सामील होत्या. हे मी त्यांना तसंच सांगितलं, आणि कराडच्या चहानंतर पहिल्यांदा ते हसले.

पुढचं काम मेहनतीचं होतं, अकलेचं नव्हे. पहाटेच्या गारठ्यातच गाडी चालू ठेवायची आणि इंजिनपासून मागे येत एकेका जोडाला बोटाने ग्रीस फासायचं. जिथे ग्रीस बसल्यावर बुडबुडे थांबतील तिथे भोक. सगळे जोड झाले, बुडबुडे चालूच. शेवटी टाकीच्या माथ्यावरचा जोड राहिला. तिथे आखूड रबरी नळी होती आणि तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तारेने आवळलेली होती. धुळीने आणि तेलाने ते सगळं एकजीव झालं होतं. मी त्याच्यावर ग्रीसचा गोळा दाबला. मामांनी पुढून आवाज दिला की बुडबुडे थांबले.

तार सोडवायला घेतली तेव्हा मामा मागे आले. तारेची गाठ बघताच थांबले. ती गाठ आमच्या घरात सगळीकडे आहे, कुंपणाला, गोठ्याच्या दाराला, पाण्याच्या टाकीला. तशी गाठ त्यांच्याशिवाय कोणी मारत नाही. बोलायला माझी जीभ वळवळत होती, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी तारच सोडवत राहिले.

"कुंभार्ली घाटात पहाटेची फुटली हुती," मामा म्हणाले. "एकलाच हुतो. धुकं असं, हात न्हाई दिसत. घरापतुर यावं म्हून बांधली. तितनं ऱ्हायलीच."

मी पट्टी उलगडत होते. ते टाकीला हात टेकून उभे होते.

"चार घंटं बसलो घाटात, गाडी चालू हुईना. तवा मला भ्या वाटलं न्हाई," ते म्हणाले. "पर तू तिथं एकली बसल्याली डोळ्यापुढं आली, का मला झोप लागत न्हाई. डोळ्याचं काय, डोळा हुईल बरा."

म्हणजे गाडी विकायचं खरं कारण हे होतं. मला वाटत होतं त्यांचा माझ्या हातावर भरवसा नाही, आणि तो राग मी इतकी वर्षं पोसला होता. माझे डोळे भरून आले आणि हात ग्रीसने माखलेले, पुसायचीही सोय नव्हती. मी म्हटलं, "आवं मामा, आता मला ठाऊक हाय ही कशानं बंद पडती. घाटात पडली तर घाटात चालू करीन." पाटणहून नवी नळी आणि दोन पक्क्या क्लिपा ते स्वतः एसटीने जाऊन घेऊन आले, आणि मी त्या बसवल्या.

व्यापारी ठरल्या दिवशी सकाळी लवकर आले. आदल्या संध्याकाळी मी ट्रक खळ्यात सपाटीला लावला होता. व्यापारी जाणता माणूस. आल्या आल्या त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवून इंजिन गार आहे ना, ते बघितलं. आधी तापवून ठेवलेली गाडी गिऱ्हाइकाला दाखवायची, हा जुना डाव त्यांना माहीत होता. मग चाकांखाली बघितलं, उतार आहे का. नव्हता. गारठा हाडात शिरत होता.

मामांनी किल्ली खिशातून काढली आणि मला दिली. मी चढले, सेल्फ मारला. इंजिनाने एक फेरी घेतली आणि चालू झालं. धूर थोडासा, आवाज खणखणीत. मी खाली बघितलं तर व्यापाऱ्यांचा चेहरा खुलला होता. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, टायर दाबले, आणि मामांना म्हणाले की मला सांगितलं होतं गाडी थंडीत मरगळते, ही तर तरण्या बैलासारखी आहे, मी आजच नेतो.

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते आणि माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले. आठवडाभर खपून मी ट्रक विकायला तयार करून दिला होता. नादुरुस्त असता तर त्यांनी नाक मुरडलं असतं आणि तो आमच्याच दारात राहिला असता. त्या क्षणी मला स्वतःच्या हुशारीचा संताप आला. तरी मी इंजिन बंद केलं नाही. बरं चाललेलं इंजिन बंद करवत नाही मला.

"चहा घेऊन जावा आण्णा," मामा व्यापाऱ्यांना म्हणाले. "लांबनं आलासा, तुमास्नी हेलपाटा झाला. पर गाडी द्यायची न्हाई."

व्यापाऱ्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग मामांकडे. त्यांनी विचारलं, मग चालवणार कोण, तुम्हीच म्हणालात की घरात ड्रायव्हर राहिला नाही.

बॉनेटच्या पुढून वळसा घालून मामा डाव्या बाजूला गेले, क्लीनरच्या दाराकडे. या ट्रकमध्ये त्या दाराने ते कधी चढले नव्हते. पाय कुठे ठेवायचा तेही त्यांना माहीत नव्हतं. दांडी चाचपून बघितली, एकदा पाय घसरला. मी हात पुढे केला नाही, कारण तो त्यांना आवडला नसता. दुसऱ्या खेपेला ते वर आले, सीटवर टेकले, कोटाची बटणं लावली. खाली फडात ऊसतोड्यांच्या मोळ्या बांधून तयार होत्या आणि तिकडे जायचा रस्ता डांबरी आहे.

मामांनी दार ओढून घेतलं आणि समोर बघत म्हणाले, "हाण."